पत्र्या कुणाला मारल्या?

लष्करी इतिहास वाचणाऱ्या माणसाला घरात फारसा मान नसतो. कादंबऱ्या वाचणाऱ्याला लोक हळवा म्हणतात, ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याच्या पाया पडतात. पण पालखेडच्या मोहिमेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून बसलेल्या म्हाताऱ्याला ‘तेवढं आवरा, ताटं मांडायचीत’ ह्यापलीकडे कुणी काही बोलत नाही. १७२८ साली बाजीरावानं निजामाला पाण्यावाचून कोंडला, ती जागा आमच्याकडे नेमकी आमटीच्या पातेल्याखाली येते. नकाशावर तिथं आता हळदीचा गोल डाग पडला आहे आणि गोदावरी त्या डागातून वाहते.

मी ह्या जमातीतला. उभा जन्म साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेला. गाळप, उतारा, ऊसबिलं आणि तोडणी-वाहतुकीच्या उचली ह्यांपलीकडे मी कुठलीही लढाई लढलेलो नाही. बंदूक म्हणाल तर कॉलेजात एन.सी.सी.मध्ये धरली होती, तिच्यात गोळी नव्हती. तरी युद्धशास्त्रावर माझी मतं ठाम आहेत आणि ती ऐकून घ्यायला उंब्रजमध्ये माणसं मिळतात. दुसऱ्या गावात मिळाली नसती.

कारण आमचा मुलूखच तसा. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असं म्हणायची पद्धत आहे. मिलिटरी आपशिंगे नावाचं एक गाव आहे, तिथली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली. गावाच्या नावाआधीच मिलिटरी लागते, मग पुढं काय बोलायचं? उंब्रज म्हणाल तर पुणे-बेंगळूरू रस्त्यावर सातारा आणि कराडच्या मध्ये, तारळी कृष्णेला मिळते तिथं. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडे आहे. पश्चिमेला चाफळ. दक्षिणेला कराडच्या वाटेवर सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं तळबीड आणि त्याच्या उशाला वसंतगड. पूर्वेला मसूर. कराड ओलांडून पुढं गेलं की शेणोली, तिथली हकिगत पुढं येईलच. अशा ठिकाणी राहून माणूस फक्त ऊस आणि पाऊस ह्यांवर बोलला, तर त्याची तब्येत दाखवून घ्यावी.

आमची बैठक संध्याकाळी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीमागं असते. एक सुभेदार आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. खरी लढाई पाहिलेले आमच्यात ते एकटेच, म्हणून युद्धावर सगळ्यात कमी तेच बोलतात. एक वकील आहेत, कराडच्या कोर्टात त्यांची निम्मी हयात तारखा घेण्यात गेली. एक गुरुजी, त्यांनी इतिहास शिकवला आणि अजून शिकवायचे थांबलेले नाहीत. आणि मी, म्हणजे तात्या. फील्ड मार्शल माँटगोमेरीनं आपल्या युद्धाच्या इतिहासात पालखेडची वाखाणणी केली आहे, हे वाक्य आमच्यातला प्रत्येक जण महिन्यातून एकदा म्हणतो. माँटगोमेरीचं पुस्तक आमच्यातल्या कुणीही उघडलेलं नाही.

एका संध्याकाळी वकील कागदांची चळत घेऊन आले. १९४९ च्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला प्रोटोकॉल त्यांनी छापून आणला होता. बिनवर्दीच्या, लपूनछपून केलेल्या लढाईचं नीतिशास्त्र त्यात आहे, आणि आपण ज्याचा एवढा अभिमान बाळगतो तो गनिमी कावा त्या कसोटीला उतरतो का ते एकदा होऊनच जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं पडलं. गुरुजींनी चहा खाली ठेवला. सुभेदारांनी दुसरा मागवला.

वकिलांनी कलम ३७ वाचलं. त्याचा सारांश असा, की शत्रूला चकवायला परवानगी आहे. रान पांघरून लपा, खोटी हालचाल दाखवा, हूल द्या, चुकीची बातमी पेरा, सगळं चालेल. मात्र शत्रूनं कायद्यावर भरवसा ठेवावा आणि त्या भरवशाचाच तुम्ही गळा कापावा, हे चालणार नाही. पांढरं निशाण दाखवून गोळी घालायची नाही. जखमी असल्याचं ढोंग करून वार करायचा नाही. साधा रयतेतला माणूस असल्याचं सोंग घेऊन मारायचं नाही.

कोर्ट तिथंच बसलं. पहिला खटला कात्रजच्या बैलांचा. लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रज घाटाकडे हाकललं आणि मोगल पलित्यांमागं धावले, ही कथा आपण सगळ्यांनी शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. ती खरी की लोकांनी रचलेली ह्यात कोर्ट पडलं नाही. खोटी हालचाल दाखवणं कायदेशीर आहे, सबब बैल निर्दोष, असा निकाल वकिलांनी दिला. बैलांना जे हाल सोसावे लागले त्याबद्दल गुरुजींनी दोन शब्द काढले, ते कामकाजात नोंदवले गेले नाहीत.

दुसरा खटला खुद्द लाल महालाचा. ५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना, रात्र. मराठ्यांची माणसं लग्नाच्या वऱ्हाडाची परवानगी काढून शहरात शिरली असं खाफीखान सांगतो. वकिलांचा चेहरा गंभीर झाला. वऱ्हाडाचं सोंग म्हणजे रयतेचं सोंग, आणि ते घेऊन हत्यार चालवलं, म्हणजे कलम ३७ थेट लागू.

सुभेदार म्हणाले, “खान राहात हुता कुठं?”

“लाल महालात.”

“घर कुणाचं?”

“महाराजांचं. लहानपणी तिथंच राहिले.”

“मग आपल्याच घरात वऱ्हाड घिऊन जायला परवाना कशापाय लागतो वो वकीलसाहेब? उलट भाडं थकलंय का बघा.”

बैठक हसली. हसणं ओसरल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, की त्या रात्री शाहिस्तेखानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, आणि अंधारात जनानखान्यातल्या काही बायकाही सापडल्या. आपण मुलांना बोटं शिकवतो, बायका शिकवत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात हे वाक्य आपणही कधी उच्चारलं नाही, असंही ते म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही. वकिलांनी विषय बदलायला पान उलटलं आणि तिथं त्यांना आढळलं, की १९७७ च्या ह्या प्रोटोकॉलमध्ये भारत सामीलच झालेला नाही.

“मग दीड तास काय चघळत हुतो आपन?” सुभेदार म्हणाले.

अफझलखानाचा खटला आम्ही बोर्डावर घेतलाच नाही. तो १६५९ पासून तुंबलेला आहे. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ ह्या काळात साताऱ्यात छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा माणूस म्हणून बसला होता. तिथल्याच दप्तरांच्या आधारानं त्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला आणि त्यात दगा शिवाजीराजांच्या पदरी घातला. पुढं जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या आपल्या पुस्तकात साधनं तपासून पहिला वार खानाचा, असा कौल दिला. आमच्याकडे ह्या प्रकरणात नवा पुरावा कुणाकडेच नसतो आणि आवाज सगळ्यांकडे असतो, म्हणून ते चहाच्या वेळी काढायचं नाही असा ठराव आहे.

इतिहास वाचण्यातला मोठा आनंद म्हणजे शत्रूची फजिती, हे कबूल करायला हवं. औरंगजेब १६९९ च्या नोव्हेंबरात आमच्या ह्या वसंतगडाखाली आला. गड पडला. बादशहानं त्याचं नाव ठेवलं किलीद-इ-फतह, म्हणजे विजयाची किल्ली. किल्ली मिळाली, पण पुढचं कुलूप होतं अजिंक्यताऱ्याचं. त्यासाठी एप्रिल १७०० पर्यंत बसावं लागलं, आणि तटाखाली पेरलेला सुरुंग उलटा उडून मोगलांचीच माणसं गाडली गेली. त्याच वर्षी माणदेशात खवासपूरला छावणी पडली असता रात्री माण नदीला पूर आला, लष्कर वाहून गेलं आणि त्या धावपळीत बादशहाचा गुडघा कायमचा दुखावला. बेसावध शत्रूवर रात्री अचानक छापा, आणि पहाट होताच पसार. नदीला मात्र कुठलंच कलम लागत नाही.

आता एक कडवट गोष्ट. असली पानं मी मोठ्यानं वाचून दाखवत असताना सुभेदार हसत नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, “तात्या, पुस्तकात आपन कायम डोंगरावर असतो. मी खाली रस्त्यावर हुतो.”

त्यांची नोकरी काही वर्षं ईशान्येकडे झाली. तिकडं छापे समोरचे घालत होते आणि पहारा हे देत होते. दुपारी शेतात वाकलेला माणूस रात्री कोण असेल हे कळायचं नाही, आणि न कळण्याची जी चीड येते ती शेतात वाकलेल्या प्रत्येकावर निघते. “वर्दी घालून लढा असं ह्यांच्या कागदात का लिवलंय म्हाईत हाय? शिपायासाठी न्हाई. त्यो शेतातला वाकलेला गडी मरू नये म्हनून.” कलम ३७ वरचं ह्याहून सोपं भाष्य मी वाचलेलं नाही. वकिलांनी ते लिहून घेतलं.

तेव्हापासून आमच्या चर्चेचा सूर थोडा बदलला. पूर्वी प्रश्न असायचा, लपून मारणं मर्दपणाचं आहे का. हा प्रश्न तसा बिनकामाचा. दुबळा माणूस बलदंडासमोर छाती काढून उभा राहिला की एकदाच राहतो. स्पेनच्या शेतकऱ्यांनी नेपोलियनच्या फौजा झाडीआडून बेजार केल्या तेव्हाही फ्रेंचांनी त्यांना दरोडेखोरच म्हटलं. आपल्याला मात्र आपला तो गनिमी कावा, दुसऱ्याचा तो भ्याड हल्ला. ह्या व्याकरणाला जगात कुठंही अपवाद नाही.

मसूरचंच बघा. १८०६ च्या सुमारास प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास तिथं नजरकैदेत होते. ताई तेलीण नावाच्या बाईनं माणसं गोळा करून त्यांना सोडवलं. मग बापू गोखल्यांची फौज आली, वसंतगडाजवळ लढाई झाली, प्रतिनिधी जखमी होऊन हाती लागले. बाई वासोट्यावर गेली आणि तिनं गड आठ महिने झुंजवला, तोही धान्याच्या कोठाराला आग लागली म्हणून पडला. पेशव्यांच्या दप्तरी ही पुंडाई. मसूरकरांना विचारा, ते वेगळं सांगतील. हीच गोष्ट एखाद्या सरदारानं केली असती तर चौकात अश्वारूढ पुतळा असता, असं आमच्या गुरुजींचं मत आहे आणि मला ते पटतं.

हे सगळं दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचं, म्हणून त्यावर निवाडा देणं सोपं. खरी पंचाईत १९४२ पासून सुरू होते, कारण तिथले साक्षीदार घरातच असतात.

त्या वर्षी ह्या जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. वडूजला गोळ्या चालल्या, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. इस्लामपुरातही माणसं पडली. उघड्या छातीनं, निःशस्त्र, तिरंगा हातात घेऊन गेलं तर काय होतं ते लोकांनी बघितलं आणि पुढची चळवळ जमिनीखाली गेली. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर, अशी माणसं पुढं आली. १९४३ पासून तीन-एक वर्षं इथल्या शेकडो गावांत इंग्रजांचा कायदा कागदावर आणि ह्या माणसांनी उभारलेल्या प्रतिसरकारचा जमिनीवर होता. न्यायदान मंडळं बसत, तंटे मिटत, कमी खर्चाची गांधी-लग्नं लागत, दारूच्या भट्ट्या फुटत, दरोडेखोरांचा बंदोबस्त होई. नाना पाटील पोलिसांना शेवटपर्यंत सापडले नाहीत, १९४६ साली आपणहून उजेडात आले.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेची पगाराची गाडी अडवली. कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, त्या कामगिरीत पुढं होते. पुढं म्हातारपणी कुणी त्यांच्यासमोर ‘गाडी लुटली’ म्हटलं की ते शब्द दुरुस्त करायला लावत. लूट इंग्रजांनी केली होती, आपण ती परत आणली, हा त्यांचा हिशेब. हिशेब खात्यातला माणूस म्हणून सांगतो, नोंद बरोबर आहे, फक्त खातं कुणाचं धरायचं एवढाच प्रश्न. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख असेच परत आणले गेले.

आणि भवानीनगरच्या पोलीस चौकीवर झालेला तो तमाशा! नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई आणि नवऱ्याचं सोंग घेतलेला एक सहकारी चौकीसमोर भांडायला लागले. नवरा बायकोला बडवतोय, दगड उचलून डोक्यात घालतो म्हणतोय, म्हटल्यावर पोलीस सोडवायला धावले. तेवढ्यात बाकीच्यांनी आतून बंदुका आणि काडतुसं लांबवली. नव्वदी ओलांडल्यावरही हौसाबाईंची तक्रार एकच होती, की त्या बाबानं मारायचं सोंग जरा जास्तच खरं केलं. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी ही हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे.

वकिलांनी अर्थातच कलम काढलं. रयतेचं सोंग आहे, विश्वासघात आहे, आणि तोही भल्या कामासाठी धावलेल्या पोलिसांचा. सुभेदारांनी विचारलं, मेलं कोण? कुणी नाही. जखमी? फक्त आपलीच बाई. “मग बैलांबरोबर सोडा ह्यास्नी.” सोडलं.

इथवर सगळं मजेत चालतं. मग माझ्या आत्याची गाठ पडते.

आत्या नव्वदीच्या पुढची, चाफळच्या खोऱ्यात राहते. १९४३ मध्ये ती दहाएक वर्षांची असेल. मी तिच्याकडे वही घेऊन गेलो होतो, भूमिगतांच्या डावपेचांची माहिती मिळेल म्हणून. कोण आले होते, कुणीकडून आले, शस्त्रं कोणती होती. तिला शस्त्रं आठवेनात. तिला पीठ आठवलं.

“रातच्याला कडी वाजली की आई उठायची. किती जन हायत इचारायचं न्हाई. परात घ्यायची आन् बसायची. त्या साली जोंधळा मिळत न्हवता. त्येनी भाकरी खाऊन जायाचं, आमी दुसऱ्या दिवशी कन्या खायच्या.”

मी म्हटलं, “पण माणसं चांगली होती ना?”

“लई चांगली. पाया पडायची आईच्या. एकानं जाताना माज्या हातावर गुळाचा खडा ठिवला.” ती थांबली. “आमच्याच मडक्यातला.”

डावपेचांची वही मी कोरीच परत आणली. पण घरी येऊन शिवाजीमहाराजांचं १६७३-७४ सालचं पत्र काढलं, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, कारकुनांना लिहिलेलं. ते आधी कितीदा तरी वाचलं होतं, भाषणात वापरायचं म्हणून. आत्याच्या मडक्यानंतर ते नीट वाचलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच उधळलंत तर पुढं घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजी उचलायला लागाल आणि लोक म्हणतील, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. पगार मिळतोय, लागेल ते बाजारातून विकत घ्या. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेतील, गवताला आग लागेल. राज्य उभं करणारा माणूस उंदरांनी पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, ह्याचं मला नेहमी कौतुक वाटायचं. आता कळतं की सगळ्या पत्राचा रोख एकाच गोष्टीवर आहे. आपली फौज ज्या गावाच्या अंगावर जगते, त्या गावाला ती कशी वाटते? जिनिव्हाच्या साहेबांना तीनशे वर्षांनी सुचलेल्या कलमांचं मूळही तेच, हे सुभेदारांनी आधीच सांगितलं होतं.

ह्या मापानं प्रतिसरकारला मी पुष्कळ गुण देतो. फार नमुनेदार चळवळ होती. गावानं भाकरी दिली कारण गावाला त्यातून काही मिळत होतं. सावकाराचा फास सैल झाला, बायकांना छळणाऱ्यांना धाक बसला, वर्षानुवर्षांचे तंटे एका बैठकीत फुकटात मिटले. चळवळीचं नाव सांगून दरोडे घालणारे भुरटे निपजले तेव्हा त्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

आता पत्र्यांचा विषय. गुन्हेगाराला आडवं पाडून पायाच्या तळव्यांवर काठीचे फटके द्यायचे. माणूस कितीतरी दिवस पाय टेकू शकायचा नाही. लोकांनी सरकारचं नावच पत्रीसरकार पाडून टाकलं. शिक्षा खबऱ्यांना होई, गुंडांना होई, सावकाराला होई.

उंब्रज-मसूर-चाफळच्या पट्ट्यात कुणाच्याही घरी चळवळीचा विषय काढा. त्याच्या आजोबांनी भाकरी पोचवलेली असते. नाहीतर निरोप नेलेला असतो, नाना पाटलांना वैरणीच्या गंजीत लपवलेलं असतं. नानांना जेवढ्या गंज्यांमध्ये लपवलं गेलं तेवढं गवत त्या दुष्काळी वर्षात जिल्ह्यात होतं का, असा माझ्यातल्या हिशेबनिसाला प्रश्न पडतो. पण ते असो. मला दुसरंच कोडं पडतं. सगळ्यांच्या आजोबांनी भाकरीच दिली असेल, तर पत्र्या कुणाला मारल्या? एवढ्या वर्षांत मला असा एकही माणूस भेटला नाही, जो म्हणेल की आमच्या आजोबांना पत्र्या मारल्या होत्या.

आत्याला हे विचारलं. ती म्हणाली, होता की एक, आमच्याच आळीत. टाचेवर चालायचा, मरेपर्यंत.

“त्यानं खबर दिली होती?”

“कुनाला ठावं.” मग जरा वेळानं म्हणाली, “बांधाचं भांडान हुतं त्येचं, येवढं खरं.”

आमच्या बैठकीत येऊन मी हे सांगितलं. वकील म्हणाले, इंग्रजांच्या कोर्टात अपील होतं आणि न्याय नव्हता, इथं न्याय होता आणि अपील नव्हतं. वाक्य चांगलं आहे, पण टाचेवर चालणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. गुरुजींनी त्या माणसाचं नाव विचारलं. आत्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सुभेदारांनी फक्त एवढंच विचारलं, की त्याला पोरंबाळं होती का.

गांधीजींनी ह्याच जिल्ह्यात, पाचगणीला मुक्कामी असताना १९४४ च्या पावसाळ्यात भूमिगतांना उजेडात यायचा सल्ला दिला होता. लपणं त्यांना मुळातच मान्य नव्हतं. काहींनी ऐकलं. साताऱ्याच्या पुष्कळांनी हात जोडले आणि लपूनच राहिले. त्या वेळी त्यांनी ऐकलं असतं तर भवानीनगर-शेणोलीच्या गोष्टी असूनही चळवळ तिथंच विझली असती, असं मला वाटतं. न ऐकणारे बरोबर होते, हे माझं मत आजही कायम आहे. पण अंधारात दिलेल्या शिक्षेचा हिशेब कधीतरी उजेडात द्यावाच लागतो, आणि तो आपण ऐंशी वर्षं दिलेला नाही. विजयी बाजूनं तो वेळेवर दिल्याचं मी कुठल्याच देशाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. फ्रान्सवाल्यांनी जर्मन गेल्यावर आपल्याच लोकांना रस्त्यात चोपलं, मुलींची डोकी भादरली, त्यावर आता त्यांच्याकडे पुस्तकं निघतात. आमच्याकडे अजून तेवढं धाडस आलेलं नाही. गौरवग्रंथ मात्र दरसाल निघतात आणि मी ते विकत घेतो.

वकिलांचं म्हणणं, जुनी मढी उकरून काय उपयोग. गुरुजी म्हणतात, मढी उकरणं म्हणजेच इतिहास, नाहीतर त्याला गोंधळ-जागरण म्हणा. सुभेदारांनी सुचवलं की आपण लिहून घेऊ, नावं गाळून. ते काम माझ्याकडे आलं, कारण वही माझ्याकडे होती आणि ती कोरी होती.

म्हणून वाचणाऱ्यांना ही विनंती. सातारा-सांगलीकडच्या तुमच्या घरात एखादं नव्वदीचं माणूस अजून असेल, तर ह्या दिवाळीला त्याच्याजवळ बसा. भाकऱ्यांचं विचारू नका, ते सगळे सांगतात. आपल्या आळीत पत्र्या कुणाला मारल्या आणि कशासाठी, तेवढं विचारा आणि लिहून ठेवा. नाव घालू नका. गाव, साल आणि कारण पुरे.